चेंडू सोडण्याची वेळ : एरिक ॲश्टन आणि उत्तर इंग्लंडचे रग्बी लीग

इंग्लंडमध्ये ‘रग्बी’ या एकाच नावाने दोन स्वतंत्र खेळ ओळखले जातात. ब्रिटिश अंमलात लष्करी अधिकारी आणि व्यापारी मंडळींबरोबर भारतात जो पोहोचला तो त्यांतला एक, म्हणजे रग्बी युनियन, आणि त्यामुळे रग्बी लीग हा दुसरा खेळ आपल्याकडील वाचकांना जवळजवळ अपरिचितच राहिला. या दुसऱ्या खेळात विसाव्या शतकाच्या मध्यास जे थोर खेळाडू होऊन गेले, त्यांत एरिक ॲश्टन (१९३५–२००८) यांचे स्थान थोडे निराळे आहे. त्यांच्यापेक्षा अधिक वेगवान, अधिक बलदंड आणि अधिक गुण नोंदवणारे खेळाडू त्यांच्याच काळात होते. परंतु खेळाडू, कर्णधार, प्रशिक्षक आणि अखेरीस क्लबचा अध्यक्ष अशा चारही नात्यांनी या खेळाची चाळीस वर्षे सेवा करून प्रत्येक ठिकाणी यश मिळवणारी माणसे फारच थोडी, आणि त्या थोड्यांत ॲश्टन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांची कारकीर्द समजण्यासाठी आधी हा खेळ वेगळा का झाला हे पाहणे आवश्यक आहे, कारण ही फाळणी खेळाच्या नियमांवरून नव्हे तर मजुरीवरून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांतील रग्बी संघ खाणकामगार, गिरणीकामगार आणि गोदीकामगार यांच्या बळावर उभे होते. शनिवारी कामाचा खाडा करून सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. लंडनहून कारभार पाहणाऱ्या संघटनेने मात्र हौशी खेळाच्या तत्त्वाचा हवाला देऊन ती फेटाळली, आणि हे तत्त्व ज्यांना मजुरीची चिंता नव्हती अशांनाच परवडणारे होते, हे उघड आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमलेल्या क्लबांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली आणि बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग देण्यास मान्यता दिली. पुढे १९०६ साली संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली, १९२२ साली संघटनेला ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले, आणि नियम बदलत बदलत एक नवाच खेळ आकाराला आला. रग्बी युनियनवाल्यांनी या फुटीची शिक्षा मात्र दीर्घकाळ दिली : लीगकडून जो एकदा पैसे घेऊन खेळला, त्याला युनियनच्या मैदानाची दारे पुढची शंभर वर्षे बंद राहिली.

या खेळाचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे, पण हाताने तो द्यायचा असेल तर बाजूला किंवा मागेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याने पकड करून रोखले की जागेवरच उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा आणि खेळ पुढे चालू ठेवायचा. आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ‘ट्राय’ होतो, ज्याला त्या काळी तीन गुण मिळत. ट्रायनंतर किंवा प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेल्या किकमधून चेंडू गोलखांबांच्या मधून आडव्या दांडीवरून मारला की आणखी दोन गुण. तेरांपैकी सहा खेळाडू ‘फॉरवर्ड’ असतात. धक्काबुक्कीचे, अंगमेहनतीचे काम त्यांचे. उरलेले सात ‘बॅक’, आणि त्यांत अगदी कडेला धावणारे दोन ‘विंगर’ आणि त्यांच्या आतल्या अंगाला खेळणारे दोन ‘सेंटर’. प्रेक्षकांच्या टाळ्या बहुधा विंगरला मिळतात, कारण शेवटी रेषा ओलांडणारा तोच असतो. पण त्याला मोकळी वाट काढून देण्याची जबाबदारी सेंटरची असते. ॲश्टन हे सेंटर होते.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १९३५ रोजी लँकेशरमधील सेंट हेलेन्स या गावी झाला. काचेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. पिलकिंग्टन हे काच उद्योगातील विख्यात नाव इथलेच. तेथून अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरवर विगन हे त्या काळी कोळशाच्या खाणींचे आणि सुताच्या गिरण्यांचे असलेले गाव लागते, ज्याचे नाव जॉर्ज ऑरवेल यांच्या १९३७ सालच्या पुस्तकामुळे जगभरच्या वाचकांना ठाऊक झाले. ऑरवेल यांनी तेथील दारिद्र्य पाहिले ते खरेच. पण त्या गावाचा अभिमान ज्यात साठलेला होता तो सेंट्रल पार्क या मैदानावरचा रग्बी लीगचा संघ होता, हेही तितकेच खरे. विगन आणि सेंट हेलेन्स यांच्यातील चुरस या खेळातील सर्वांत जुन्या आणि कडव्या वैरांपैकी एक मानली जाते. गुड फ्रायडेच्या दिवशी, २७ मार्च १९५९ रोजी, सेंट्रल पार्कवर या दोन संघांचा सामना पाहण्यासाठी ४७,७४७ माणसे आली होती, म्हणजे त्या दिवशी दोन्ही गावे मैदानाकडेच लोटली होती असे म्हणता येईल.

सक्तीची लष्करी सेवा संपवून आलेल्या ॲश्टन यांना १९५५ साली करारबद्ध केले ते त्यांच्या गावच्या संघाने नव्हे, तर शेजारच्या विगनने, आणि तेही अवघ्या १५० पौंडांत. ही रक्कम किती क्षुल्लक होती याची कल्पना यायची तर दोनच वर्षांपूर्वी याच क्लबने कार्डिफच्या टायगर बे या गोदी वस्तीतून आणलेल्या बिली बोस्टन यांच्याशी तिची तुलना करावी; त्यांच्यासाठी विगनने ३,००० पौंड मोजले होते. बोस्टन यांचे वडील सिएरा लिओनचे, आणि वेल्समधील युनियनच्या वर्तुळात कृष्णवर्णीय खेळाडूला वर जाण्याची वाट त्या काळी सोपी नव्हती. उत्तर इंग्लंडच्या या कामगारांच्या खेळाने मात्र त्यांना डोक्यावर घेतले. विगनने उजव्या कडेला बोस्टन आणि त्यांच्या आतल्या अंगाला ॲश्टन अशी रचना केली, आणि या जोडीने पुढची दहा-बारा वर्षे या खेळावर आपली छाप ठेवली.

ही जोडी नेमकी कशी चाले हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चेंडू स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटत असतात त्या घोळक्यातून, बाहेर पडतो. तो मधल्या खेळाडूंच्या हातून सेंटरकडे येतो, तेव्हा त्याच्यासमोर साधारणपणे दोन रक्षक असतात : एक त्याचा स्वतःचा आणि दुसरा त्याच्या विंगरचा. चेंडू लगेच पुढे दिला तर विंगरचा रक्षक आपल्या जागी सज्जच असतो आणि विंगर रेषेबाहेर ढकलला जातो; फार उशिरा दिला तर सेंटरवरच पकड होते आणि चेंडू सुटतच नाही. उंच, सडपातळ बांध्याचे आणि लांब ढांगांनी धावणारे ॲश्टन यांचे कौशल्य या दोहोंमधल्या क्षणात होते. चेंडू दोन्ही हातांत, छातीसमोर धरलेला असल्यामुळे ते स्वतः घुसणार की देणार हे रक्षकाला कळत नसे. स्वतःच्या रक्षकाला बाहेरच्या बाजूने हुलकावणी देत ते इतके पुढे जात की विंगरच्या रक्षकाला त्यांच्याकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नसे, आणि तो एक पाऊल आत आला की पकड पडण्याच्या अर्धे पाऊल आधी चेंडू बोस्टन यांच्या हातात गेलेला असे. त्यानंतर बोस्टन यांच्यासारख्या वजनदार आणि वेगवान माणसाला थांबवणे ही एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. आपल्या अंगावर दोन माणसे ओढून घ्यायची आणि तिसऱ्याला मोकळे सोडायचे, हा सेंटरचा धर्म ॲश्टन यांच्याइतका निष्ठेने फार थोड्यांनी पाळला असेल. स्वतः धावून ट्राय करणे त्यांना जमत नव्हते असे मात्र मुळीच नाही : विगनसाठी ४९७ सामन्यांत २३१ ट्राय आणि ४४८ गोल, म्हणजे एकूण १,५८९ गुण, ही त्यांची कामगिरी कोणत्याही क्लबच्या इतिहासात पहिल्या पानावर नोंदवावी अशीच आहे.

१९५७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांना विगनचे कर्णधार करण्यात आले. त्या संघात बोस्टन होतेच. शिवाय चेंडू हाताळण्यात अत्यंत चतुर असा ब्रायन मॅक्टिग हा फॉरवर्ड आणि डेव्ह बोल्टन हा चपळ स्टँड-ऑफ, म्हणजे स्क्रमनंतरच्या चढाईची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो खेळाडू, असे नामवंत होते. अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसांवर बाविशीतल्या तरुणाने हुकमत गाजवायची ती आरडाओरड करून साधणारी नव्हती. ॲश्टन यांचा पिंड शांत, मोजके बोलणारा होता आणि तीच त्यांची ताकद ठरली. १९५८ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज कप या सर्वांत प्रतिष्ठेच्या बाद फेरी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विगनने वर्किंग्टन टाउनला १३–९ असे हरवले, आणि पुढच्याच वर्षी हल संघाचा ३०–१३ असा धुव्वा उडवून हा चषक स्वतःकडेच राखला. वेम्बलीवर अंतिम सामने होऊ लागल्यापासून लागोपाठ दोनदा चषक जिंकणारा विगन हा पहिला संघ. १९६० साली ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर ८३,१९० प्रेक्षकांसमोर वेकफील्ड ट्रिनिटीला २७–३ असे नमवून त्यांनी लीगचे विजेतेपदही मिळवले. कर्णधार म्हणून ॲश्टन सहा वेळा वेम्बलीवर अंतिम सामन्यात उतरले : १९५८, १९५९, १९६१, १९६३, १९६५ आणि १९६६. त्यांतले तीन जिंकले, तीन हरले. आणि हरलेल्या तिनांपैकी दोन सामने त्यांच्या जन्मगावच्या सेंट हेलेन्सविरुद्ध होते.

ग्रेट ब्रिटनच्या संघाकडून ते २६ कसोट्या खेळले. १९५८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते संघात होते. मात्र त्यांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा झाली ती १९६० साली इंग्लंडमध्ये भरलेल्या विश्वचषकात. ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फ्रान्स असे चारच संघ, प्रत्येकाने इतर तिघांशी एकेकदा खेळायचे, अशी ती स्पर्धा होती. न्यूझीलंड आणि फ्रान्स यांना हरवून आलेल्या ब्रिटनची गाठ शेवटच्या सामन्यात तितक्याच अपराजित ऑस्ट्रेलियाशी पडली, आणि ओड्सलच्या चिखलात खेळल्या गेलेल्या या खडतर सामन्यात ॲश्टन यांच्या संघाने १०–३ असा विजय मिळवून विश्वचषक उंचावला. १९६२ साली ते कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले आणि तीन कसोट्यांची मालिका २–१ अशी जिंकून आले. पहिल्या दोन कसोट्या ब्रिटनने ३१–१२ आणि १७–१० अशा जिंकल्या, आणि तिसरी केवळ एका गुणाने, केन अर्विन यांनी अगदी शेवटी कडेवरून मारलेल्या किकमुळे, निसटली. त्या पिढीचे वर्चस्व तेथेच शिगेला पोहोचले असे म्हणावे लागेल, कारण १९६३ च्या शरदात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडच्या भूमीवर वेम्बलीची कसोटी २८–२ आणि स्विंटनची ५०–१२ अशी जिंकून मालिकाही खिशात घातली. ऑस्ट्रेलियाला इंग्लंडमध्ये मालिकाविजय मिळाला होता तो त्याआधी १९११–१२ मध्ये.

१९६३ सालीच विगनने ॲश्टन यांच्याकडे प्रशिक्षकपदही सोपवले, आणि पुढची सहा वर्षे ते खेळाडू, कर्णधार आणि प्रशिक्षक अशी तिहेरी जबाबदारी सांभाळत होते. आजच्या व्यावसायिक क्रीडाविश्वात ही कल्पनाही अवघड वाटेल. त्या काळी रग्बी लीगचे बहुतेक खेळाडू दिवसा आपापली नोकरी करत आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मैदानावर जमत. प्रशिक्षकाच्या हाताखाली साहाय्यकांचा ताफा नसे आणि संघनिवडीत क्लबच्या संचालकांचा शब्द मोठा असे. अशा परिस्थितीत ज्याच्याबरोबर शनिवारी खांद्याला खांदा लावून खेळायचे, त्यालाच मंगळवारी त्याची चूक सांगायची आणि प्रसंगी संघाबाहेर बसवायचे, हे नाजूक काम होते. १९६५ च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात त्यांच्या विगनने हन्सलेट संघाला २०–१६ असे हरवले, आणि हा सामना वेम्बलीवरील सर्वोत्तम अंतिम सामन्यांपैकी एक मानला जातो. त्यात सर्वोत्तम खेळाडूसाठीचा लान्स टॉड करंडक पहिल्यांदाच दोघांत, विजेत्यांचे रे ॲश्बी आणि पराभूतांचे ब्रायन गॅबिटस यांच्यात, विभागून द्यावा लागला, यावरून लढतीचा तोल लक्षात यावा.

त्याच्या पुढच्याच वर्षीचा, १९६६ चा अंतिम सामना मात्र ॲश्टन यांच्या वाट्याला आलेली सर्वांत कडू हार ठरली, आणि या खेळाच्या नियमांच्या दृष्टीने ती अभ्यासण्यासारखी आहे. स्क्रमच्या मध्यभागी ‘हूकर’ नावाचा खेळाडू असतो. आत टाकलेला चेंडू पायाने आपल्या बाजूला ओढणे हे त्याचे खास काम. विगनचा नेहमीचा हूकर कॉलिन क्लार्क निलंबित असल्यामुळे त्या दिवशी खेळू शकत नव्हता, तर सेंट हेलेन्सकडून खेळत होता बिल सेयर, जो पूर्वी विगनचाच हूकर होता आणि ज्याला विगनने सेंट हेलेन्सला विकले होते. त्या वेळच्या नियमानुसार प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेली किक मैदानाबाहेर मारून पुढची जागा मिळवली, तरी खेळ पुन्हा स्क्रमनेच सुरू होई. सेंट हेलेन्सचा कर्णधार ॲलेक्स मर्फी याने हे नेमके हेरले. त्याच्या संघाने मुद्दाम नियमभंग करावा, विगनने किक मारून पुढे सरकावे, तेथे स्क्रम व्हावा आणि चेंडू सेयरने ओढून घ्यावा, असे चक्र चालू राहिले. ज्याच्याविरुद्ध चूक झाली त्याच्याच हातून चेंडू जात राहिला. पकडींच्या संख्येवर मर्यादा नसल्यामुळे एकदा हाती आलेला चेंडू सेंट हेलेन्सला हवा तितका वेळ राखताही येई. ९८,५३६ प्रेक्षकांसमोर विगन २१–२ असे हरले. लवकरच नियम बदलले : चूक झाल्यावर किक बाहेर मारल्यास खेळ सुरू करण्याचा हक्क किक मारणाऱ्या संघाकडेच राहील अशी तरतूद झाली, आणि त्याच वर्षी सलग चार पकडींनंतर चेंडूवरचा ताबा संपेल असा नियम आणला गेला, जो १९७२ साली सहा पकडींपर्यंत वाढवला गेला. मर्फीची चाल नियमात बसणारी होती हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे की, मोकळ्या, वाहत्या खेळावर ज्याची निष्ठा होती अशा कर्णधाराचा पराभव खेळ थांबवण्याच्या कलेने व्हावा, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

त्याच १९६६ साली ॲश्टन यांना ‘एम.बी.ई.’ हा ब्रिटिश राजसत्तेचा किताब मिळाला, आणि तो मिळवणारे ते रग्बी लीगचे पहिले खेळाडू ठरले. संघटना स्थापन होऊन एकाहत्तर वर्षे लोटली होती. या काळात हजारो खाणकामगारांनी आणि गिरणीकामगारांनी हा खेळ खेळला, लाखो माणसांनी तो पाहिला, आणि तरीही देशाच्या सन्मानयादीत त्यांच्यापैकी एकालाही स्थान मिळाले नव्हते. हा विलंब योगायोगाने झाला असे मानणे कठीण आहे.

१९६९ साली त्यांनी खेळणे थांबवले, तरी प्रशिक्षक म्हणून ते १९७३ पर्यंत विगनमध्येच राहिले. या वर्षांत विजेतेपद दोनदा हाताशी येऊन हुकले : १९७० चा चॅलेंज कप कॅसलफर्डने ७–२ असा जिंकला, आणि १९७०–७१ च्या हंगामात लीगच्या तक्त्यात पहिल्या स्थानी असूनही निर्णायक सामन्यात सेंट हेलेन्सने त्यांना १६–१२ असे हरवले. विगनमधील अठरा वर्षे संपवून ते एका हंगामासाठी लीड्सला गेले आणि मग १९७४ साली वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर सेंट हेलेन्सचे प्रशिक्षक झाले. ज्या गावाने त्यांना तरुणपणी निसटू दिले, त्या गावाकडे ते एकोणीस वर्षांनी परतले, आणि तेही त्या गावाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा इतकी वर्षे कर्णधार राहिल्यानंतर. पहिल्याच हंगामात त्यांनी सेंट हेलेन्सला लीगचे विजेतेपद मिळवून दिल्यामुळे कुरकुरीला फारशी जागा उरली नाही.

त्यांच्या प्रशिक्षकपदाचा सर्वांत संस्मरणीय दिवस ८ मे १९७६ हा होय. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सचा मुकाबला विड्नेसशी होता. ॲश्टन यांच्या संघात तिशी ओलांडलेल्या खेळाडूंचा भरणा इतका होता की दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय विनोदी मालिकेवरून, ज्यात म्हातारे गृहरक्षक देशाचे रक्षण करायला निघतात, त्या संघाला ‘डॅड्स आर्मी’ असे टोपणनाव पडले होते. वेम्बलीवर त्या दिवशी इंग्लंडमध्ये क्वचितच पडते असे कडक ऊन होते, आणि वयस्क संघ त्यात कोलमडेल असा सर्वसाधारण अंदाज होता. घडले उलटेच. केल कॉसलेट यांच्या नेतृत्वाखालील अनुभवी खेळाडूंनी चेंडू स्वतःकडे राखला, धावण्याचे श्रम प्रतिस्पर्ध्यांना करायला लावले, आणि शेवटच्या टप्प्यात बदली म्हणून उतरलेल्या तरुण पीटर ग्लिन याने दोन ट्राय करून सामना २०–५ असा संपवला. सेंटर म्हणून ॲश्टन जे करत आले होते, म्हणजे प्रतिपक्षाला आपल्याकडे खेचून थकवायचे आणि योग्य क्षणी ताज्या दमाच्या माणसाला मोकळे सोडायचे, त्याचाच हा संघाच्या पातळीवरचा प्रयोग होता असे म्हणता येईल. त्याच वर्षी आणि १९७७ सालीही त्यांच्या संघाने हंगामाच्या अखेरची प्रीमियरशिप स्पर्धा जिंकली.

१९७९ चा ऑस्ट्रेलिया दौरा मात्र त्यांच्या कारकिर्दीतील अंधारा कोपरा आहे. ते ग्रेट ब्रिटनचे प्रशिक्षक होते आणि संघ तिन्ही कसोट्या हरला, पहिली तर ३५–० अशी. ऑस्ट्रेलियात शरीरसज्जता, प्रशिक्षण आणि संघबांधणी यांचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले होते आणि इंग्लंडचा खेळ जुन्याच सवयींवर विसंबून होता. ही दरी एका माणसाला एका दौऱ्यात भरून काढता येण्यासारखी नव्हती. १९८० साली त्यांनी सेंट हेलेन्सचे प्रशिक्षकपद सोडले, १९८२ साली ते त्याच क्लबच्या संचालक मंडळावर आले आणि नव्वदच्या दशकात त्याचे अध्यक्ष झाले. १९९६ साली हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात खेळल्या जाणाऱ्या ‘सुपर लीग’ या नव्या स्पर्धेचे पहिले विजेतेपद आणि चॅलेंज कप हे दोन्ही मान सेंट हेलेन्सने एकाच वर्षी पटकावले, तेव्हा ते अध्यक्ष होते.

२००५ साली रग्बी लीगच्या सन्मान दालनात त्यांचे नाव समाविष्ट झाले आणि २० मार्च २००८ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या उजव्या हाताला धावणारे बिली बोस्टन यांना २०२५ साली ‘सर’ हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच. विगनसाठी बोस्टन यांनी केलेले ४७८ ट्राय क्लबच्या दप्तरात एकेक करून नोंदलेले आहेत. ट्रायच्या आधीचा चेंडू कोणी दिला, हे लिहून ठेवण्याची पद्धत मात्र त्या काळी नव्हती.